काळशिरेची वंशावळ

क्रमांक चौदाच्या हिरड्याला काळशीर झाली आहे असं नाकानं मला सांगितलं, तेव्हा मी त्याच हिरड्याच्या सावलीत बसून भाकरी खात होते.

मी वर बघितलं. पान न् पान हिरवंगार. फांद्यांना बाळहिरडा लगडलेला. नाकातल्या बाईचा आवाज फार सभ्य आहे. फोनवर ‘आपण रांगेत आहात’ असं सांगणाऱ्या बाईची ती सख्खी बहीण असावी. “संसर्ग निश्चित. कृपया नमुना घ्या,” असं ती पुन्हा म्हणाली. मी तिला गप बस म्हटलं, भाकरी संपवली आणि मग नमुना घेतला. सात आठवड्यांनी ते झाड भर पावसात उभ्या उभ्या वाळलं. आमच्या घाटमाथ्यावर असा पाऊस पडतो की चुलीजवळ ठेवलेलं लाकूडसुद्धा पेट घेत नाही. त्या पावसात ते झाड तहानेनं मेलं. डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही पटलं नसतं.

नाक म्हणजे आमचं यंत्र. त्याचं कागदावरचं नाव दीड ओळीचं आहे, ते कुणी घेत नाही. तांब्याएवढं असतं, तोंडाशी रबराची वाटी. वाटी खोडाला टेकवायची आणि वीस मोजायचे. झाडं सतत काहीबाही वास सोडत असतात, आपल्याला न कळणारे. पान अळीनं कुरतडलं की एक वास, खोडात भुंगेरा शिरला की दुसरा, मुळाशी बुरशी धरली की तिसरा; आणि त्या बुरशीला स्वतःचा वास असतो तो निराळाच. नाक हे सगळे वास सुटे करतं आणि साठ्यातल्या हजारो वासांशी ताडून बघतं. खात्री करायची तर पोकळ सुई खोडात फिरवून काडेपेटीतल्या काडीएवढा लाकडाचा तुकडा काढायचा आणि नाकाच्या बुडाशी खाच आहे तिच्यात घालायचा. पाव तासात ते रोगाचं नाव-गाव सांगतं.

हे काम करणाऱ्या आम्ही वनआरोग्यसेविका. लोकांना हे नाव तोंडभर झालं, म्हणून आम्ही झाडांच्या आशाताई झालो. मी, अनुसया लोहकरे, उंबरदऱ्याची. शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिक्षण चुलीपाशी फोन उभा करून झालं. बुरश्यांची लांबलचक लॅटिन नावं मी भाताच्या वाणांसारखी पाठ केली आणि भाकऱ्या थापताना घोकली. सुरुवातीला घरात सगळे हसायचे. मग नाकाच्या आधी मीच खोडावरची भुकटी बघून भुंगेऱ्याची जात सांगायला लागले, तेव्हा हसणं थांबलं आणि लोक आपापल्या झाडांसाठी मला बोलवायला लागले.

आपापल्या म्हणते, कारण आमच्याकडे जमीन जंगलाची असली तरी हिरडा घरांचा असतो. कुठल्या झाडाची फळं कुणी झोडून पाडायची ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. झाडांना नावं असतात. लेकी सासरी गेल्या तरी माहेरच्या झाडांची चौकशी करतात. चैत्र-वैशाखात सगळी वाडी झाडांखाली असते, आणि वाळवलेल्या हिरड्यावर वर्षाचं मीठमिरची, वह्यापुस्तकं, दवापाणी चालतं. सामूहिक वनहक्काचा कागद मिळवायला वाडीची एकवीस वर्षं गेली. तो कागद गेला, की उंबरदरा नुसता उंचावरचा पत्ता उरतो.

काळशीर झाडाच्या पाण्याच्या नळ्यांत वाढते. मुळांनी ओढलेलं पाणी पानांपर्यंत नेणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या खोडात असतात. ही बुरशी त्यांत शिरते, आणि तिला अडवायला झाडच त्या नळ्या चिकानं बंद करून घेतं. एकेक करत सगळ्या बंद होतात. खोड आडवं कापलं तर काळ्या ठिपक्यांचं कडं दिसतं. शत्रू आत आला म्हणून घराची सगळी दारं-खिडक्या बंद करायच्या आणि आत गुदमरायचं, असलं हे मरण.

सुईनं पडलेलं भोक बुजवायला, आम्हाला नेमणाऱ्या सरकारी अभियानाकडून मेणाच्या गोळ्या यायच्या. दुसऱ्या वर्षी त्या यायच्या थांबल्या. मागणीचे तीन फोन झाले, तिन्ही वेळा ‘पाठवतो’ झालं. आणि उघडं भोक टाकून पुढं जायला माझा पाय उचलेना. उंबरदऱ्यात झाडाला जखम केली तर ती झाकल्याशिवाय कुणी पाठ फिरवत नाही. झोडताना फांदी मोडली, कोयता बसला, की बाया तिथं लेप लावतात: शेण, माती, हळद, करंजाचं तेल. माझ्या सासूबाई लावायच्या, मी पाहिलं होतं. मी सकाळी डबाभर कालवून न्यायला लागले. नोंदणीच्या वेळी प्रत्येक झाडाला एकदा सुई आणि नंतर दर सहा महिन्यांनी, म्हणजे दिवसाला चाळीस झाडं. सुई स्पिरिटमध्ये बुडवायची, ज्योतीवर धरायची, फिरवायची, काडी काढायची आणि बोटानं लेप लावायचा. सुईच्या स्वच्छतेत माझी चूक कधी निघाली नाही. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, बाई, तुमच्या हातून टोचून घ्यायला झाडाला बरं वाटत असेल.

लोकांनाही बरं वाटायचं. येता-जाता हाक यायची, आमच्या झाडालाही लाव की गं. कोयत्याचे जुने घाव असायचे, तिथं मी बोट फिरवायचे. हळदीकुंकवाचा करंडा उघडल्यावर समोर आलेल्या बाईला तसंच कसं जाऊ देणार?

चौदा नंबरनंतर वर्षभरात दोनशे अडतीस हिरडे गेले.

साथीचा माग काढायला शहरातल्या प्रयोगशाळेतून डॉ. ऋजुता केळुसकर यायच्या. वय तिशीचं, डोक्यात बुरशीशिवाय दुसरं काही नाही, आणि मला ताई म्हणायच्या ते मनापासून. त्यांच्या जुन्या पुस्तकांवर मी शिकले. मेलेल्या झाडांत रोग कुठून शिरला ते त्यांनी मला पाहायला सांगितलं. मी सालं सोलून पाहिलं. बहुतेक ठिकाणी सुरुवात कोयत्याच्या घावाशी. दिसलं तसं मी अहवालात लिहिलं.

तो अहवाल उंबरदऱ्याच्या मुळावर आला. हिरडा झोडणाऱ्यांच्या कोयत्यानं रोग पसरतो, म्हणून दहा वर्षं झोडणी बंद, वाडीला जंगलात जायला मनाई, सामूहिक हक्क स्थगित. अभियानाचे ठोसरसाहेब गुरुवारी ग्रामसभेत हे वाचून दाखवणार होते.

माझी थोरली जाऊ भामाबाई माझ्याशी बोलायची थांबली. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. तिच्या वाटणीचे दोन्ही हिरडे मेले होते, त्यात मी हे लिहिलेलं. एकदा पाणवठ्यावर ती दुसऱ्या बाईला, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, की आमच्या कोयत्यानं झाडं मरायची असती तर आजेसासऱ्याच्या काळातच डोंगर बोडका झाला असता. पण तवा लिहिणाऱ्या बाया नव्हत्या. मी हंडा भरून निघून आले. मनात म्हटलं, बोल बाई, पण पुरावा पुरावा असतो.

मंगळवारी सकाळी मॅडम नवी चकती घेऊन आल्या. नाकात बसवायची, नखाएवढी. शाळेच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. सुट्टीचे दिवस, आवारात फक्त शेळ्या.

आतापर्यंत नाक रोगाचं नाव सांगत होतं. ही चकती रोगाची वंशावळ सांगणार होती. मॅडमनी मला ते असं समजावलं: बुरशी वाढते म्हणजे स्वतःची नक्कल करत जाते. लांब पोथी हातानं उतरवून काढताना एखाद्या अक्षराची चूक व्हावी, तशा नकलेत चुका होतात. त्या चुकलेल्या पोथीवरून पुढची उतरवली, की जुनी चूक राहते आणि एखादी नवी भर पडते. चुका जुळवत गेलं की कुठली पोथी कुठलीवरून उतरवली ते कळतं. म्हणजे कुठल्या झाडातली बुरशी कुठल्या झाडातून आली तेही कळतं. शिवाय बुरशी खोडात किती बोटं चढली ते मोजलं, की ती कधी शिरली त्याचा दिवससुद्धा मागेपुढे एखाद्याच्या फरकानं सांगता येतो.

“आता कुणी कुणाला दिला हे लपणार नाही, ताई,” मॅडम म्हणाल्या. “माणसांच्या साथीतसुद्धा हे करतील. मला त्याची जरा भीतीच वाटते.”

दोनशे अडतीस काड्यांची माहिती आत घातली. पडद्यावर नकाशा आला. चौदा नंबरच्या ठिपक्यातून एक रेघ निघाली, पंधरावर गेली, तिथून सोळावर. फाटे फुटले, पण मूळ दोरा सरळ होता. मॅडम बोटानं दाखवत होत्या. हे बघा, रोग खालच्या ओढ्यापासून वर चढत गेलाय. झोडणारेही असेच चढतात ना? मी मान हलवली. पण ह्या कड्यावरच्या सात झाडांना कसा झाला, त्या म्हणाल्या, तिथं तर कुणी झोडायला जात नाही. आणि हे तर फारच विचित्र. दिवाळीपर्यंत रोग खालून वर जातोय, दिवाळीनंतर एकदम वरून खाली यायला लागलाय. दिशाच बदलली. वारा म्हणावा तर तो असा वागत नाही.

मॅडम वाऱ्याचा तक्ता शोधत होत्या. मी पडद्याकडे बघत होते.

दिवाळीत माझा उजवा गुडघा धरला. चढ सोसेना, म्हणून मी वेळापत्रक उलटं केलं. सकाळच्या एसटीनं वरच्या खिंडीत उतरायचं आणि तपासत तपासत खाली यायचं. हे कुणाला सांगायची गरज नव्हती, काम तेवढंच होतं. कड्यावरची सात झाडं फक्त मी करते, दोर बांधून, कारण ती कुणाच्याच वाटणीची नाहीत आणि मला त्यांची दया येते.

“इथं बघा,” मॅडम म्हणाल्या. “फेब्रुवारीत अकरा दिवस एकाही झाडाला नवी लागण नाही. रोग सुट्टीवर गेला होता की काय?”

फेब्रुवारीत माझ्या भाचीचं ओतूरला लग्न होतं. मी अकरा दिवस रजेवर होते.

पडद्यावर माझा गुडघा होता. माझी रजा होती. माझं एक वर्ष, तारीखवार, झाडागणिक, लाल रेघेत काढलेलं. आणि हे वाचता येणारी दुनियेत मी एकटी होते. मॅडमना हा रोग वाहून नेणाऱ्या भुंगेऱ्याचा काही नवा स्वभाव वाटला. त्या उत्साहानं वहीत काहीतरी लिहायला लागल्या. मी उठले, म्हटलं, चहा टाकते, आणि शाळेच्या मागं जाऊन भिंतीला धरून उभी राहिले.

रोग पसरवणारी सुई नव्हती, हे मला तिथंच कळलं. सुई मी जाळत होते.

घरी आले. डबा पिशवीत होता, तळाशी चार बोटं लेप. मी काडीभर घेतला आणि नाकाच्या खाचेत घातला. पाव तास मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले. “काळशीर. संसर्ग निश्चित,” असं ती बाई म्हणाली, त्याच सभ्य आवाजात, आणि कृपया झाडाचा क्रमांक सांगा असं विचारू लागली. मी क्रमांक काय सांगणार?

शेणात बुरशीला खायला मिळालं, तेलात ओल राहिली. आणि हळद. हळदीनं इतर बुरश्या मरतात, हे मीच सगळ्यांना सांगत आले. पोटभर पुस्तकं वाचली होती ना. इतर मेल्या. ही हळदीला पुरून उरणारी निघाली, आणि बाकी सगळं साफ झालेल्या डब्यात तिला रान मोकळं मिळालं. चौदा नंबरला काळशीर बहुधा एखाद्या भुंगेऱ्यानं आणली असेल. तिथून ती माझ्या बोटाला लागली, बोट डब्यात गेलं, आणि पुढं डबाच ती वाटत गेला. लेप लागलेल्या प्रत्येक झाडात ती रुजली नाही, पण कुठल्यात रुजेल ते कुणाला माहीत? रोज सकाळी मी उरलेल्या लेपातच नवं कालवत होते. डबा घासला की वाया जातो म्हणून कधी पुरता घासला नव्हता.

कोयत्याच्या घावाशी सुरुवात दिसायची ती याच्यामुळे. तिथं मी बोट फिरवलं होतं, आणि सुईच्या भोकापेक्षा घावात लेप जास्त बसायचा.

बुधवारी सकाळी मी भामाबाईच्या दारात गेले. ती सुपात नाचणी पाखडत होती. मला बघून तिनं सूप जरा तिरकं केलं, कोंडा माझ्या बाजूला उडेल असं.

मी विचारलं, आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, लेप कशा करायच्या. ती पाखडत राहिली. मी परत विचारलं.

“तू बी हुतीस की तवा,” ती सुपाकडं बघत म्हणाली.

“मी पाहिलं होतं. नीट पाहिलं नव्हतं.”

मग तिनं सांगितलं. झाडाखाली बसायच्या. त्याच झाडाच्या बुडातली माती घ्यायच्या, त्याच्याच पानावर कालवायच्या, लागेल तेवढंच. उरलं तर त्याच्याच मुळाशी, आणि पानही तिथंच पुरायच्या. पदराच्या गाठीतली राख काढून हात चोळायच्या, धुवायच्या, आणि मग दुसऱ्या झाडाकडं.

मी म्हटलं, “असं का?”

“का म्हंजे? एका बाळंतिणीच्या खोलीतनं उठून कुनी तसंच दुसरीच्या खोलीत जातंय का?”

असं म्हणाली आणि तिचा हात थांबला. सूप मांडीवर टेकलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

“तू डबा न्यायचीस,” ती म्हणाली.

मी पायरीवर बसले.

“माझ्या दोन्ही झाडांना मी तुला बोलावून लावून घेतला. दोन डाव. जास्तीचा लाव म्हनलं.”

ती उठून आत गेली. दार लावलं असतं तर बरं झालं असतं. उघडंच ठेवून गेली, आणि मला आत दिसत होतं की ती काही करत नाहीये, नुसती कणगीला टेकून उभी आहे.

त्या दिवशी मी कुणालाच काही सांगितलं नाही. दुपारी चाकणहून आमच्या ह्यांचा फोन आला, त्यांच्याजवळ तेवढं बोलले. ते म्हणाले, की गुरुवार होऊन जाऊ दे. मॅडमना भुंगेरा वाटतोय ना, मग भुंगेऱ्यावर जाईल. कड्यावरच्या सात झाडांमुळं कदाचित कोयत्याचंही नाव आपोआप गळेल. आपण आपल्या तोंडानं कशाला. प्रेमानंच म्हणाले. आणि मला ते पटावंसं वाटलं. मी भात घातला, भांडी घासली, डबा राखेनं तीनदा घासला आणि मग चुलीत उलटा घालून तांबडा होईपर्यंत तापवला. जणू त्यानं काही होणार होतं. बुधवार असा गेला. तो मी गप्प राहून घालवला, हे लक्षात असू द्या.

गुरुवारी सकाळी सभेच्या आधी मी मॅडमना शाळेच्या ओट्यावर गाठलं आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. लग्न सांगितलं. डबा सांगितला. त्यांनी वहीतल्या तारखा आणि माझ्या हजेरीच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. ओळीमागून ओळ बोट खाली नेत गेल्या. शेवटच्या ओळीला बोट नुसतं टेकलेलं राहिलं.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, आपण ‘मानवी हाताळणीतून प्रसार’ असं लिहू. खोटं नाही ते. तुमचं नाव यायची गरज नाही.”

मी म्हटलं, “कोयतासुद्धा मानवी हाताळणीच आहे, मॅडम. साहेब तेवढाच शब्द उचलतील.”

त्यांनी मान खाली घातली. आणि मग एकदम वर केली.

“नाशिकची कार्यशाळा,” त्या म्हणाल्या.

मला माझी झाडं दिसत होती. माझी जाऊ, माझी वाडी, माझं नाव. बाकीच्या बायका माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या. ऑक्टोबरात नाशिकला चार जिल्ह्यांच्या एकशे साठ सेविकांसमोर मी लेप करून दाखवला होता. मेण कुणालाच मिळत नव्हतं. मॅडमनी माझी ओळख करून दिली, स्थानिक ज्ञान म्हणून टाळ्या पडल्या. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बायका म्हणाल्या, ताई, तुमच्या हातचा थोडा द्या, आमचा असा मऊ होत नाही. मी पळसाच्या पानांत बांधून एकेकीला चमचाभर दिला. म्हटलं, विरजणासारखा वापरा. यात तुमचं कालवा, कधी संपणार नाही.

एकशे साठ पुड्या. मी स्वतःच्या हातानं बांधल्या होत्या, दोऱ्यानं.

समाजमंदिरावरचा भोंगा ग्रामसभेची हाक देत होता.

सभेत ठोसरसाहेबांनी कागद उघडला तसा मी हात वर केला. सगळं सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. दोनशे माणसं बसलेली, आणि पंख्याचा आवाज. मग मागून धोंडूबाबा असवले उठले. ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्या हिरड्याचं नाव धाकली. त्यांनी शांतपणे विचारलं, की पोरी, आमची धाकली पण तुझ्याच हातानं का. मी हो म्हटलं. ते तसेच उभे राहिले, आता काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं, शेवटी शेजाऱ्यानं धरून खाली बसवलं.

साहेबांनी पेन काढलं. कोयत्याचा परिच्छेद खोडावा लागेल, हक्काबद्दलचा निर्णय आता तसा उभा राहत नाही, असं ते पुटपुटले. मग ‘प्रसाराचे कारण’ या रकान्याशी थांबून त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

“नाव लिवा साहेब,” भामाबाई म्हणाली. “आन्‌ खाली ह्ये बी लिवा, की तिला मेण धाडायचं कुनी बंद केलं. तिनं तीनदा फोन केलाय, भिंतीतनं मला सगळं ऐकू येतंय.”

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. भामाबाईनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. सभा संपल्यावर ती माझ्या शेजारून गेली, पदर सावरून, लागू नये असा.

वाडीचा हक्काचा कागद बचावला. नाक मात्र साहेबांनी तिथंच परत मागितलं. मॅडम पुढं झाल्या, म्हणाल्या, आजचा दिवस राहू द्या त्यांच्याकडं, लागणार आहे.

ओट्यावर बसून मी सेविकांच्या गटावर बोलून निरोप टाकला. माझं नाव घेऊन. लेप लावायचा थांबवा, डब्यातला तपासा, कधी आणि किती झाडांना लावला ते लगेच कळवा. मॅडम शेजारी बसून हिशेब मांडत होत्या. बुरशी पहिले तीन दिवस भोकाच्या तोंडाशीच असते, त्या म्हणाल्या, तेवढ्यात मोठ्या गिरमिटानं मूठभर लाकूड कोरून काढलं आणि आतून जाळलं, तर झाड वाचू शकतं. नळ्यांत शिरल्यावर नाही. म्हणजे मंगळवारपासूनची झाडं. त्याच्या आधीच्यांबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही.

पहिला फोन सुरगाण्याकडच्या वासंती गावितचा. चोविशीची मुलगी, कार्यशाळेत पहिल्या रांगेत बसलेली. तिनं निरोप ऐकल्या ऐकल्या डबा तपासला होता. काळशीर.

“ताई, मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो, मी जात नाही,” ती म्हणाली. “काल गेले. काल एकतीस झाडं झाली. परवा निरोप आला असता तर वाचली असती बघा.”

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला काय माहीत की परवा मला कळलं होतं? ती नुसती तारखा सांगत होती. बुधवारी मी भांडी घासत होते, तेव्हा ती तिकडे सागाच्या आणि ऐनाच्या खोडांवर बोट फिरवत होती.

मी तिला म्हटलं, “मला परवाच कळलं होतं, वासंती. मी एक दिवस गप्प बसले.”

फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. ती रानातच उभी असावी.

मी पुढं बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मोठं गिरमिट घे. सुतारकामाचं चालेल. लेप काढून टाक, भोक तीन बोटं रुंद कर, चार बोटं खोल, आणि लाकूड पांढरं लागेपर्यंत थांबू नको. मग गॅसची बत्ती आत धर. प्रत्येक झाडानंतर गिरमिट आणि हात, दोन्ही. जमिनीवर काही सांडू देऊ नको.

“म्हणजे धडधाकट झाडाला एवढं मोठं भोक पाडू?” तिनं विचारलं.

“हो.”

“एकतीस?”

“हो.”

मग ती अगदी साध्या आवाजात, मागच्या वेळी वर्गात हात वर करून शंका विचारायची तशी, म्हणाली, “ताई, ह्या वेळी नक्की ना?”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, नक्की. एकशे साठ जणींना मी तो शब्द किती सहज दिला होता. तोंडातून निघेना.

“नक्की माहीत नाही,” मी म्हटलं. “पहिलं झाड उघड. आत काय दिसतं ते मला सांग, मग दुसऱ्याचं ठरवू. फोन ठेवू नको.”

तिनं फोन खिशात टाकल्याचा आवाज आला, आणि त्यामागून, दूरवरून आल्यासारखी, गिरमिट लाकडात शिरण्याची करकर.